साथीच्या वॉर्डात पेशंटला जेवू घालताना: नव्या डाएटिशियनसाठी

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात पेशंटला भरवायचं काम नेमकं कोणाचं, हे कुठल्याच ड्यूटी लिस्टवर लिहिलेलं नसतं. ते काम बायको करते, मुलगा करतो, गावाहून आलेली मावशी करते. किचनमधून ट्रॉली येते, मामा, म्हणजे वॉर्डबॉय, ताट ठेवून पुढच्या बेडकडे जातो. पोळी वरणात कुस्करणं, उशी मागे सरकवणं, 'अजून दोन घास खा' म्हणून मागे लागणं, हे सगळं नातेवाइकाच्या गळ्यात पडतं. २०२० मध्ये कोविड आला आणि नातेवाईक वॉर्डाबाहेर गेले. ट्रॉली मात्र वेळेवर येत राहिली. ताटं बेडशेजारी ठेवली जात होती, तासाभराने तशीच उचलली जात होती आणि डाएट शीटवर 'फुल डाएट दिला' अशी नोंद पडत होती.

साथीच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या आहारतज्ज्ञाने कॅलरीच्या हिशोबाआधी ही रिकामी जागा बघावी. पुढे लिहिलंय ते कोविडच्या अनुभवावर आधारलेलं आहे. पण श्वसनाच्या कुठल्याही मोठ्या साथीत चित्र फारसं वेगळं नसेल: धाप, ताप, मास्क, एकटेपणा आणि मेटाकुटीला आलेला स्टाफ.

पहिला दिवस: भरवणार कोण, ते ठरवून घ्या

रुजू झाल्यावर मेनू कार्डाला हात लावू नका. आधी सिस्टर इन्चार्जना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. ट्रॉली वॉर्डाच्या दारात किती वाजता येते? तिथून आत कोण नेतं? आणि ज्याला हाताने खाता येत नाही, त्याला कोण भरवतं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी 'बघतो आम्ही' असं उत्तर मिळतं. त्याचा अर्थ कोणीच नाही.

इथे भांडून उपयोग नसतो. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास घामाने निथळत असलेल्या सिस्टरला 'पेशंटला नीट भरवा' असं बाहेरून सांगणाऱ्या माणसाबद्दल काय वाटतं, ते तुम्हाला लवकरच कळेल. त्यापेक्षा तिचं काम कमी होईल असं बघा. औषधाची फेरी, साखर तपासणं आणि जेवण या तिन्ही गोष्टी एका खेपेत बसतील अशी वेळ तिच्याशी बोलून ठरवा आणि त्याप्रमाणे किचनची वेळ हलवा. किचनची वेळ हलते, फक्त कोणी मागितलेली नसते. प्रत्येक शिफ्टला 'भरवायचे' पेशंट कोणते याची यादी द्या, ती पाच-सहा बेडांच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यांच्यासाठी वॉर्डातल्या एका मावशीचं (आयाचं) किंवा ब्रदरचं (पुरुष नर्सचं) नाव लिहून घ्या. नाव लिहिलेलं काम होतं.

आत जाऊन येणाऱ्या वस्तूंचा नियम पहिल्याच दिवशी पाठ करा. कागद आत गेला तर बाहेर येत नाही, पेनही नाही. म्हणून किती खाल्लं याची नोंद आतल्या फोनवरून बाहेरच्या वहीत व्हायला हवी. उरलेलं अन्न आणि वापरलेली ताटं कुठल्या पिशवीत टाकायची, ते रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण समितीने ठरवलेलं असतं. तिथे स्वतःची अक्कल चालवायची नाही.

चोवीस तासांत चाळणी

भरती झालेल्या प्रत्येकाला तुम्ही बघू शकणार नाही. कोणाकडे आधी बघायचं, ते चाळणीतून ठरतं. जगभर वापरली जाणारी 'मस्ट' नावाची साधी पद्धत फोनवरूनही जमते. तिच्यात तीन भाग आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २० च्या वर असेल तर शून्य गुण, १८.५ ते २० असेल तर १, त्याहून कमी असेल तर २. गेल्या ३ ते ६ महिन्यांत नकळत वजन ५% पेक्षा कमी घटलं असेल तर शून्य, ५ ते १०% घटलं असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. आणि पेशंट गंभीर आजारी असून पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काही गेलेलं नसेल, किंवा जाणार नाही अशी शक्यता असेल, तर थेट २ गुण. बेरीज २ किंवा जास्त आली की तो पेशंट तुमचा.

अडचण येते ती वजनाची. ऑक्सिजनवरच्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही आणि 'तुमचं वजन किती?' या प्रश्नाला आपल्याकडे 'साठ-पासष्ट असेल' हेच उत्तर मिळतं. मग घरच्यांना फोन करा आणि दुसऱ्या वाटेने विचारा. पट्टा कितव्या भोकात लावत होते, आता कितव्या? बांगड्या सैल झाल्यात का? अंगठी घसरते का? शेवटचं पोटभर जेवण कधी झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी 'ताप आला तेव्हापासून नाही' असं येतं. म्हणजे भरती व्हायच्या आधीच चार-सहा दिवस उपाशी गेलेले असतात. आतल्या सिस्टरला वेळ असेल तर दंडाचा घेर मोजायला सांगा. कागदी टेप वापरा, ती तिथेच टाकून देता येते. घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी आहे.

लठ्ठ दिसणाऱ्या पेशंटला चाळणीतून वगळू नका. पोट सुटलेल्या पन्नाशीच्या मधुमेही माणसाचे मांडीचे स्नायू आठवडाभराच्या तापात आणि पडून राहण्यात किती झडतात, ते डिस्चार्जच्या दिवशी तो खुर्चीतून उठायला लागला की दिसतं.

हिशोब: आधी प्रथिनं, मग कॅलरी

ताप आणि दाह चालू असताना शरीर स्नायू मोडून वापरतं. स्टिरॉइड त्याला हातभार लावतं. म्हणून या वॉर्डात प्रथिनांचा आकडा आधी धरायचा. ईस्पेन या युरोपीय वैद्यकीय पोषण संस्थेने २०२० मध्ये कोविडच्या पेशंटसाठी दिलेले आकडे व्यवहारात सोपे पडतात: वयस्कर किंवा बरेच आजार असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २७ किलोकॅलरी, फार खंगलेल्याला ३० पर्यंत, आणि प्रथिनं दर किलोमागे किमान १ ग्रॅम, बरेच आजार असतील तर त्याहून जास्त. मी वॉर्डात १.२ ग्रॅम धरते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला, पण डायलिसिसवर नसलेला पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचे गृहस्थ, वजन ६० किलो, मधुमेह, मास्कने ऑक्सिजन चालू, शाकाहारी पण अंडं चालतं. गरज झाली साधारण १६०० किलोकॅलरी आणि ७२ ग्रॅम प्रथिनं. रुग्णालयाच्या नेहमीच्या ताटात, म्हणजे दोन पोळ्या, भात, पातळ वरण, भाजी, यात दोन्ही वेळचं मिळून निम्मीच प्रथिनं भरतात, आणि तेही ताट पूर्ण संपलं तर. मग दिवस असा मांडावा लागतो:

सकाळी सातला २०० मिली दुधात दोन मोठे चमचे स्किम्ड दूध पावडर, साखर न घालता: ११ ग्रॅम. नऊला दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर मऊ उपमा: १६ ग्रॅम. अकराला वाटीभर घट्ट दही: ५ ग्रॅम. दुपारी मुगाच्या डाळीची सैलसर खिचडी, वरून दोन चमचे तूप, सोबत ५० ग्रॅम पनीर कुस्करून: १९ ग्रॅम. चारला ताकात कालवलेलं ३० ग्रॅम फुटाण्याचं पीठ: ६ ते ७ ग्रॅम. संध्याकाळी सातला घट्ट वरणात भिजवलेल्या दोन पोळ्या आणि भाजी: १३ ग्रॅम. झोपताना पुन्हा कपभर दूध: ६ ग्रॅम. बेरीज ७६ च्या आसपास येते, कॅलरी सतराशेच्या घरात.

हे आकडे ढोबळ आहेत. नेमके हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते टेबलावर ठेवा. पण दशांश चिन्हापर्यंत हिशोब करत बसू नका. या गृहस्थांनी दुपारची खिचडी अर्धी टाकली की तुमचे दहा ग्रॅम गेले, आणि ती अर्धी टाकली हे तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर रात्रीच्या ताटात ते भरूनही काढता येत नाहीत.

म्हणून नोंद. प्रत्येक जेवणानंतर आतून फक्त चारपैकी एक शब्द कळवायला सांगा: पूर्ण, अर्धं, पाव, शून्य. त्याहून बारीक मागितलंत तर तेही मिळणार नाही. सलग दोन दिवस 'अर्धं' किंवा कमी आलं की ताटाच्या जोडीला पिण्याचं पोषण सुरू करा. तयार सप्लिमेंट असेल तर दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं त्यातून जावीत. बजेट नसेल तर दूध, दूध पावडर, सातू, शेंगदाण्याचं कूट यांतून किचनमध्येच जाडसर पेय बनवता येतं. हे पेय जेवणासोबत देऊ नका, दोन जेवणांच्या मधे द्या, नाहीतर पोट त्यानेच भरतं आणि ताट परत येतं.

चव गेलेल्या माणसाचं ताट

कोविडमध्ये वास आणि चव दोन्ही जात. वास गेला की अन्न म्हणजे नुसता मऊ-कडक, थंड-गरम असा स्पर्श उरतो. पेशंट म्हणतो, 'सगळं भुशासारखं लागतं.' अशा वेळी आंबट, तिखट आणि पोत कामाला येतात. लिंबाची फोड, आलं, कोकमाचं सार, पुदिन्याची चटणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दह्यातली कोशिंबीर. काहींना थंड दहीभात जातो, गरम आमटी अजिबात जात नाही. काहींना दूध नासल्यासारखं लागतं; त्यांना ताक द्या. घसा सोलवटलेला असेल तर तिखट बंद करून आंबटही बेताने.

रुग्णालयाचं जेवण बेचव असतं ही जुनी तक्रार आहे आणि बरीचशी खरी आहे. मीठ सगळ्यांचं सरसकट कमी करायची सवय किचनला असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास नसलेल्या पेशंटला अळणी जेवण देण्याला काही कारण नाही. डाएट शीटवर तसं स्पष्ट लिहा.

डब्याचं झाकण हीसुद्धा तुमची बाब आहे. घट्ट बसवलेलं फॉइलचं झाकण, प्लास्टिकच्या पिशवीची गाठ, पाण्याच्या बाटलीचं सील. एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला यातलं काहीच उघडता येत नाही. ताट 'न खाल्लेलं' म्हणून परत येतं तेव्हा झाकण उघडलं होतं का, ते आधी विचारा.

धाप लागलेली असताना खाणं

या वॉर्डातलं सगळ्यात नाजूक काम हेच. जेवायला मास्क काढावा लागतो, मास्क काढला की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरतं, ते उतरलं की पेशंट घाबरतो आणि दोन घासांत ताट सारतो. गिळताना माणूस क्षणभर श्वास रोखतो. मिनिटाला तीसवेळा श्वास घेणाऱ्याला तो क्षणही परवडत नाही, आणि तेव्हाच घास श्वासनलिकेत जायची भीती असते.

पिशवीवाला मास्क, म्हणजे एनआरबीएम लावलेल्या पेशंटला जेवणापुरती नाकातली नळी लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारून केसपेपरवर लिहून घ्या. परवानगी मिळाली तर जेवणाआधी नळी लावायची आणि ऑक्सिमीटर बोटावर ठेवायचा. पेशंटला ४५ अंश किंवा त्याहून ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. घास लहान, दोन घासांमध्ये मास्क किंवा नळीतून चार-पाच शांत श्वास. सॅच्युरेशन डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्याखाली गेलं की थांबायचं आणि वर आलं की पुन्हा सुरू. या गतीने वाटीभर खिचडी खायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणूनच अशा पेशंटला मोठं ताट पाठवू नये. सहा लहान खाणी पाठवावीत आणि पहिल्या चार घासांत सगळ्यात जास्त माल असावा: अंडं, पनीर, तुपातला मूगडाळीचा शिरा. पातळ सूपने भरलेला वाडगा पाठवणं म्हणजे त्याची कष्टाची वीस मिनिटं वाया घालवणं.

कोरडे, सुटे पदार्थही टाळा. चुरमुरे, कोरडे पोहे, फरसाण, टोस्ट यांचे कण घशात उडतात. तांदळाची पेज फार पातळ झाली तर तीही ठसका आणते. नाचणीचं सत्त्व थोडं घट्ट शिजवलेलं जास्त सुरक्षित जातं. पाणी पिताना वारंवार ठसका लागतोय, आवाज ओला येतोय असं दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना कळवा. व्हेंटिलेटरची नळी नुकतीच निघालेल्या पेशंटमध्ये तर हे हमखास तपासायचं, कारण गिळण्याची ताकद परत यायला वेळ लागतो.

पालथं झोपवण्याच्या, म्हणजे प्रोनिंगच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा एकमेकांवर आदळतात. फिजिओथेरपिस्टकडून वेळापत्रक घ्या. जेवणानंतर तासभर तरी पेशंट बसलेला राहील अशा बेताने ट्रॉली मागवा.

बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर असलेल्यांची गोष्ट आणखी अवघड. मास्क घट्ट असतो, पोटात हवा जाते, पोट फुगतं, भूक मरते. यांच्या नावापुढे 'तोंडाने चालू' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दिवसभरात अर्धा ग्लास दूध गेलेलं असतं. दोन-तीन दिवस असंच चाललं तर नळीने फीड सुरू करायचं का, हा विषय राउंडला तुम्हीच काढायचा. दुसरं कोणी काढत नाही, कारण बाकी सगळ्यांची नजर मॉनिटरवर असते.

स्टिरॉइड, साखर आणि ट्रॉलीची वेळ

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने कमी होतात. तेव्हापासून दिवसाला ६ मिलिग्रॅम, १० दिवसांपर्यंत, हा डोस सगळीकडे रूढ झाला. सकाळी डोस दिला की साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते, सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र बरी दिसते. केवळ सकाळचा आकडा बघून 'शुगर कंट्रोलमध्ये' असं समजू नका. रुग्णालयात बहुतेकांसाठी १४० ते १८० हा टप्पा धरतात.

साखर वाढली म्हणून जेवण कापायचं नसतं. वाढलेल्या साखरेवर डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. तुम्ही पिष्टमय पदार्थ दिवसभरात सारखे वाटता आणि प्रथिनं आहे तशी ठेवता. नव्या मुलामुलींना डायबेटिक डाएट म्हणजे भात बंद, बटाटा बंद, दूध अर्धं असं वाटतं. आजारी माणसाला ते उपासमारीत ढकलतं.

आता ट्रॉलीची वेळ. साधं इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास देतात. किचनची लिफ्ट बंद पडली, ट्रॉली पाऊण तास अडकली आणि इन्सुलिन मात्र वेळेवर टोचलं गेलं, तर साखर ७० च्या खाली जाते. थंड घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं. पीपीईच्या चष्म्यातून हे पटकन दिसतही नाही. यावर उपाय एका फोनचा आहे. ट्रॉली वॉर्डाच्या मजल्यावर पोहोचली की किचनवाल्याने आत फोन करायचा आणि मगच इन्सुलिन द्यायचं, असा नियम सिस्टर इन्चार्जकडून लावून घ्या. अर्धवट खाणाऱ्यांच्या बाबतीत जलद काम करणारं इन्सुलिन जेवण झाल्यावर, खाल्लं तेवढ्या प्रमाणात देता येतं का, हे डॉक्टरांना विचारा. शुद्धीवर असलेल्या पेशंटची साखर उतरली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट आले, बरेचसे मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेले. टाळू किंवा जबडा काढावा लागलेल्यांना आठवडेच्या आठवडे नळीने किंवा दाट पेयांवर ठेवावं लागलं. असा पेशंट आला तर शस्त्रक्रियेच्या आधीच त्याचं पोषण सुरू करा, नंतर फार उशीर होतो.

नळीतून फीड

आयसीयूचा विषय स्वतंत्र शिकावा लागतो. इथे पहिल्या आठवड्यापुरतं सांगते. रक्तदाब स्थिर असेल, तो टिकवण्याची औषधं वाढत नसतील, तर भरती झाल्यापासून २४ ते ४८ तासांत राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, फीड सुरू व्हावं. नळी पोटातच आहे याची एक्स-रेने खात्री झाल्याशिवाय एक थेंबही नाही. सुरुवात ताशी १० ते २० मिलीने. पहिल्या तीन दिवसांत गरजेच्या सुमारे ७०% च्या आत राहायचं, मग हळूहळू ८० ते १००% वर जायचं. प्रथिनं किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत टप्प्याटप्प्याने. ६० किलोच्या पेशंटला ताशी ५० मिलीने दिवसभर फीड दिलं, तर मिलीला एक किलोकॅलरी असलेल्या फॉर्म्युल्यातून १२०० किलोकॅलरी जातात, हे गणित तोंडपाठ ठेवा. प्रोपोफॉल हे गुंगीचं, तेलकट द्रावणातलं औषध चालू असेल तर त्याच्या दर मिलीमागे १.१ किलोकॅलरी जमा धरा. ताशी १० मिली म्हणजे दिवसाला २६४ झाल्या.

किचनमध्ये मिक्सरला लावून केलेलं फीड स्वस्त पडतं, पण त्यात जंतू वाढतात, नळी तुंबते आणि कॅलरी किती गेल्या ते देवाला माहीत. पावडरचं फीड बनवलं तरी ते चार तासांहून जास्त टांगून ठेवू नका. फीडआधी-नंतर ३० मिली पाण्याने नळी धुवायची. पालथ्या पेशंटलाही फीड देता येतं. पलंगाचं डोकं १० ते २५ अंश वर ठेवायचं, आणि पेशंट उलटवण्याआधी फीड थांबवायचं. थांबवलेलं फीड पुन्हा सुरू झालं का, हे दर वेळी विचारा. ते चार-चार तास तसंच राहून जातं.

दहा-बारा दिवस उपाशी राहून आलेला, आधीच खंगलेला किंवा दारूचं व्यसन असलेला पेशंट दिसला की घाई नको. एकदम भरपूर फीड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी किलोमागे १० किलोकॅलरीपासून सुरुवात, त्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१), आणि रोज या तिन्ही तपासण्या. फॉस्फेटची तपासणी नेहमीच्या यादीत बरेचदा नसते. ती मागून घ्या.

उपास, रोजा आणि काढा

आषाढी एकादशी १ जुलै २०२० ला आली, त्या वर्षी वारी नव्हती. पण उपास करणारे वॉर्डात होतेच. वाद घालू नका. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. म्हणून उपासाच्या ताटात दाण्याची आमटी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, दही, पनीर असं पाठवा आणि 'चालेल ना?' असं विचारून पाठवा. रोजा धरणाऱ्या पेशंटला आजारात सूट आहे हे त्याला तुमच्यापेक्षा घरच्या वडीलधाऱ्यांनी फोनवर सांगितलेलं जास्त पटतं. जैन पेशंटचं शेवटचं खाणं सूर्यास्ताआधी हवं असेल तर रात्रीचं दूधही त्या आधीच्या ट्रॉलीत द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीपर्यंत चौदा तास पोट रिकामं राहतं.

काढ्याबद्दल थोडं कडक बोलायला हवं. सकाळ-संध्याकाळ मोठा पेला काढा, त्यात दर तासाला गरम पाणी, मग जेवायला जागा उरत नाही. भूक मेलेल्या माणसाच्या पोटात जे जाईल त्यात ताकद असायला हवी. हळदीचं दूध आनंदाने द्या, त्यात दूध आहे म्हणून. झिंक, व्हिटॅमिन सी, डी यांच्या गोळ्यांनी कोविड बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही; कमतरता असेल तर ती भरून काढायची. झिंक जास्त झालं तर मळमळतं, आणि तुम्ही ज्या दोन घासांसाठी झगडताय तेही जातात.

नातेवाइकांनी गेटवर आणून दिलेल्या पिशवीत नारळपाणी असतंच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला ते पोहोचू देऊ नका. गेटवरच्या स्वयंसेवकाला अशा पेशंटची नावं देऊन ठेवा, आणि घरच्यांना नारळाऐवजी काय आणायचं ते सांगा. त्यांना काहीतरी आणून द्यायचंच असतं.

तेच नातेवाईक फोनवर तुमच्या सगळ्यात जास्त कामाला येतात. जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावून दिला आणि पलीकडून नातीने 'आजी, आ कर' म्हटलं की अर्धी वाटी जास्त जाते. एका फोनवर वॉर्डभर कॉल करणं सिस्टरला जमणार नाही. 'शून्य' नोंदवलेल्या पेशंटपुरतं करा.

डिस्चार्जच्या दिवशी

डिस्चार्ज कार्डवर 'हाय प्रोटीन डाएट' एवढंच लिहून देऊ नका. घरच्या स्वयंपाकघरात ते कोणालाच कळत नाही. घरी काय परवडतं आणि रेशनवर काय मिळतं ते विचारून लिहा: रोज दोन अंडी, किंवा मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर मोडाची मटकी, आठवड्यातून तीनदा सोयाबीन वड्यांची भाजी, प्रत्येक जेवणात घट्ट वरण. जेवणाआधी दहा वेळा खुर्चीतून उठ-बस, जमेल तेवढी. नुसत्या खाण्याने स्नायू परत येत नाहीत. स्टिरॉइड चालू असेल तर घरी साखर कधी तपासायची, तेही त्याच कागदावर.

जाताना वजन करून घ्या. बऱ्याच पेशंटसाठी भरतीपासूनचा हा पहिलाच खरा आकडा असतो. आठवड्याने फोन करा आणि विचारा: वजन किती भरलं, काल दिवसभरात काय काय खाल्लं, चव आली का, जिना चढताना दम लागतो का, साखर किती होती. वजन आणखी उतरलेलं असेल किंवा ठसका लागत असेल तर ओपीडीत बोलवा आणि त्या दिवशी तुम्ही ओपीडीत असाल ती वेळ सांगा. फोन सूनबाईंनी उचलला तर त्यांच्याशीच बोला, कारण ताट त्या वाढतात.